डाव्या कानाची बाजू

सेव्हेरिन, बेत असा:
शनिवारी सकाळची सात बाराची गाडी.
तू वेल्सला चढ, मी लिंत्सला चढेन.
खिडकी कुणाला का जाईना,
तुझ्या डाव्या हाताची जागा मात्र माझ्यासाठी धर,
तिच्यावर टोपी ठेव, पिशवी ठेव,
कुणी उठवायला आलं तर ऐकू येत नाही म्हण.
खोटं नाही ते, आणि उपयोगी आहे.

सगळं मी डेअरीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मांडलंय.
व्हिएन्नात दोन दिवस, एक रात्र, तीन मैफली,
आणि अधेमधे तुझ्या गुडघ्यांसाठी बाकं.
शनिवार दुपारची चौकडी मी खोडली.
दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो,
तू त्यांना चांडाळचौकडी म्हणायचास
आणि एखादा सूर निसटला तर आठवडाभर फुरंगटायचास.
आता सूर निसटला की कान, हे तुला सांगता येणार नाही,
आणि तेच तुला सोसत नाही, मला ठाऊक आहे.

यंत्र बसवलं त्या दिवशी फोनवर म्हणालास,
कानामागून आली आणि तिखट झाली.
मी हसले.
फोन ठेवल्यावर बराच वेळ भांडी घासत राहिले.

रात्री ऑपेरा. बसायची तिकिटं आहेत, उभ्याची नाहीत.
एकोणीस वर्षांची होते मी, तू पहिल्यांदा नेलंस तेव्हा.
तीन तास रांग, मग आत शिरून धावत
कठड्याला माझा लाल मफलर बांधलास,
झाली जागा आपली.
मफलर राखणीला, आपण बाहेर सॉसेज खायला.
शेवटच्या अंकात नायिका मरायला इतका वेळ लावत होती
की तिच्याआधी माझे पाय गेले.
तू कानाशी वाकून म्हणालास, आता बघ,
सगळा वाद्यवृंद एकदम श्वास घेईल.

घेतला.

चाळीस वर्षं मी तिकिटं काढते ती त्या श्वासासाठी,
बाकीचं संगीत त्याच्यासोबत येतं.

रविवारी सकाळी चर्च. वाद्यवृंदासह प्रार्थना, फुकट.
तिथे इतकं घुमतं की तुला काही कळणार नाही,
मलाही कळत नाही, ज्याच्यासाठी आहे त्याला कळत असेल.

दुपारी साडेतीनला मोठं सभागृह.
इथे एक सांगायचं राहिलंय.
गेल्या मंगळवारी मी एकटीच जाऊन आले,
उजव्या कानात मेण कोंबून,
पूर्वार्धाला डावीकडे बसले, उत्तरार्धाला उजवीकडे.
डावीकडून सगळं शेजारच्या घरातल्या भांडणासारखं,
आवाज आहे, मुद्दा नाही.
उजवीकडे, सातव्या रांगेत,
चेलो पुढ्यात येऊन बसले,
व्हायोलिनं लांब गेली पण पुसली नाहीत,
आणि नगारे थेट बरगड्यांत.
शेजारच्या बाईंना वाटलं कान ठणकतोय माझा,
त्यांनी पेपरमिंटची गोळी दिली. घेतली.
तर सातवी रांग, उजवं टोक.
तू भिंतीकडे, मी तुझ्या डावीकडे.
आड येणार नाही, खांदे पाडून बसेन.

ऑपेरातही उजवीच बाजू घेतलीय.
शब्द चुकले तर समोरच्या छोट्या पडद्यावर उमटतात,
श्वास तिथे लिहून येत नाही.
तो आला की मी तुझी बाही ओढेन.
एकदाच. मान वळवू नकोस, मंचाकडे बघ.

बॅटऱ्या आण, तपकिरी चकतीच्या, दोन जास्तीच्या.
काळे बूट नकोत, ते तुला चावतात.
मफलर माझ्याकडेच आहे, एका टोकाला कसर लागलीय.
सातव्या रांगेत बांधायला कठडा नाही,
तरी आणतेय.